तारामावशीचा तांबड्या

तारामावशीकडे मासे तळायचे असले, की आधी हॉलमधल्या काचेच्या टाकीवर जुनी ओढणी पडायची, मग गॅसवर तवा चढायचा. मी साताऱ्याकडची, इथे नवी. मला वाटलं, काचेला तेलकट थर बसू नये म्हणून करत असेल. विचारलं, तर म्हणाली, "त्याला कशाला दावायचं गो? त्याच्या जातीचं हाय." मी खळखळून हसले. ती नाही हसली. ओढणीची टोकं नीट खाली ओढून ती बोंबील उलटायला आत गेली.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत तिचं दार माझ्या दारासमोर. मावशीचं माहेर खाडीकाठच्या मिठागराच्या गावातलं, सासर त्याच्या पुढच्या गावातलं. जमीन गेली, फ्लॅट आला, पण जिभेवरचं गाव काही गेलं नाही. माझा 'ण' ऐकून तिला गुदगुल्या व्हायच्या. "पाणी!" ती माझी नक्कल करायची, "काय गो नाकातनं बोलता तुमी घाटावरची मानसं!" तिचे यजमान म्हात्रेकाका नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. बोलायला कमी, ऐकायला तयार. मुलगी करुणा पालघरला दिलेली. आणि धाकटा हरेश, जहाजावर खलाशी.

मासा हरेशचा. पहिल्या खेपेला जाण्याआधी त्याने कुठून तरी टाकी आणली, दिवा आणला, हवेचा पंप आणला आणि बोटाच्या पेराएवढा तो मासा आणला. समुद्राच्या पाण्यातला, क्लाऊन फिश म्हणतात त्या जातीचा. टोमॅटोसारखा लालभडक, अंगावर पांढरेशुभ्र दोन पट्टे. हरेशने नाव ठेवलं तांबड्या. बैलाचं ठेवावं तसं. आणि आईला सांगून गेला, "मी येईपर्यंत याला सांभाळ."

सांभाळ म्हणजे काय, हे त्या बाईला विचारावं. या माशाला घरात बनवलेलं खारं पाणी लागतं आणि त्यासाठी दुकानातून खास मीठ आणावं लागतं, हे ऐकून तिचा संताप संताप झाला. "मिठागरात जल्मले मी, आनि मीठ डब्यातनं इकत आनू? माझा बापूस वरनं थुकंल माझ्यावर!" तिने भावाकडून खडं मीठ मागवून टाकीत घातलं. तांबड्या कोपऱ्यात तोंड घालून बसला, खाईना. हरेशने कुठल्याशा बंदरावरून फोन करून आईला अशी झापली की मुकाट्याने डबा आला. खारटपणा मोजायची एक काचेची नळीही त्याने दिली होती. ती मावशीने देव्हाऱ्यात ठेवली, रोज हळदकुंकू वाहिलं आणि पाणी आपल्या पद्धतीनेच पाहिलं. म्हणजे टाकीत बोट घालायचं आणि चाखायचं. "आज जड झालंय. गोडं पानी टाकाया पायजे." कधी बरोबर असायचं, कधी साफ चूक. चुकलं की तांबड्या फुगायचा आणि मावशी त्याची हात जोडून माफी मागायची.

तिने बोट पाण्यात घातलं रे घातलं की तो धावत यायचा आणि कडकडून चावायचा. एवढासा जीव, पण टाकी म्हणजे त्याच्या बापाची जहागीर. मावशी बोट काढायची नाही. "चाव. चाव आयला. बापाला चावायची हिंमत हाय का?" काकांनी बोट घातलं, तर तो ढुंकून बघत नसे. माझ्या बोटालाही नाही. मी दोनदा घालून पाहिलं आहे.

हरेशला मी दोनदाच पाहिला. गोरा, लाजाळू पोरगा, ओठावर जेमतेम मिशी. फोनवर मात्र बोलका. बंदराला लागला की फोन, आणि पहिला प्रश्न, "तांबड्या कसा आहे?" मावशी मुद्दाम भडकायची. "आय मेली तरी चालंल, मासा जगला पायजे!" आणि फोन ठेवला की सगळ्या मजल्याला ऐकवायची, की माझ्या पोऱ्याने आज काय विचारलं.

वर्षभरात माशाच्या अंगावरचा मागचा पट्टा पुसट झाला, मग गेलाच. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मासा आजारी पडला, पोरगं काय म्हणंल! हरेश फोनवर हसत सुटला. "आई, ते लहानपणचे कपडे असतात. मोठा झाला की उतरतात." हे वाक्य मावशीने मला किमान शंभरदा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी तेवढीच हसून.

दुसऱ्या खेपेला गेलेला हरेश परत आला नाही.

फोन कंपनीच्या माणसाचा आला. सकाळी कामावर हजर झाला नाही, जहाजभर शोधला, समुद्रात शोधला, सापडला नाही. बस. एवढंच. ना पत्ता, ना देह, ना चप्पल. काका मुंबईला किती खेटे घालून आले. प्रत्येक खुर्चीतला माणूस हळहळला आणि पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवून मोकळा झाला. मावशी रडली नाही. ती म्हणायची, "पडला असंल तर कुन्या बोटीनं उचलला असंल. बोलता येत नसंल. कागद नसंल जवळ. येईल." आम्ही माना हलवायचो.

त्या दिवसापासून त्या घरात मासे शिजले नाहीत. खाडीकाठची बाई, सुकटीच्या वासावर दोन घास जास्त जेवणारी. तिने सोडले ते सोडले. मी वेडी, एकदा विचारून बसले. काकांनीच उत्तर दिलं, अगदी हळू. "पोर समुद्रात हाय ना. कुठल्या माशानं काय खाल्लं असंल, कुनाला म्हाईत." मला तिथेच भडभडून आलं. ओढणी टाकीवर टाकायची गरज उरली नाही, म्हणून तिने ती धुऊन कपाटात ठेवली.

आणि तांबड्या म्हणजे तिचा प्राण झाला. एका पावसाळ्यात वसईत पाणी भरलं आणि दोन दिवस लाइट नव्हती. पंप बंद, टाकीतली हवा संपायला लागली. मावशी स्टुलावर बसून आमटीच्या पळीने पाणी ढवळत राहिली. पळीने पाणी उचलायचं, वरून सोडायचं. हात सुजला तरी पळी सोडेना. आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या, पण ती आपल्या पाळीनंतरही उठायची नाही. दुसऱ्याने हात हलका केला की ओरडायची. काका कळवळून म्हणाले, "अगो, मासा हाय तो. उद्या दुसरा आनू."

"तुमाना मासा दिसतो," ती म्हणाली. "मना नाय दिसत."

तिसऱ्या दिवशी लाइट आली. तांबड्या जगला.

अशी वर्षं गेली. काकांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि त्यांच्या मनाने एकच गोष्ट धरली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचं नाव देतात आणि अग्नी देतात. तेव्हा त्याला गती मिळते. बारा वर्षं भरत आली होती. "माझं काय खरं नाय," काका मला म्हणाले. "मी गेलो तर त्याला अग्नी कोन देईल? पोरगं तसंच लटकत राहील गो, ना हिकडं ना तिकडं." त्यांचे डोळे भरून आले होते. भटजी घरी आले तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. मावशी आतून पदर खोचून बाहेर आली आणि टाकीवर हात ठेवून म्हणाली, "हा जिता हाय तवर माझा पोऱ्या जिता हाय. हा मेला की करा तुमचं काय ते. जबान देते मी." भटजी चहा तसाच ठेवून उठले. असल्या जबानीचं शास्त्रात काही असेल असं वाटत नाही.

आता जे सांगते ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, फक्त तिला दिसत नव्हतं. तांबड्या तांबडा राहिला नव्हता. वय होत गेलं तसा तो हाताच्या तळव्याएवढा झाला, लाल रंग विटकरी झाला, मग पाठीवरून काळा झाकोळ उतरायला लागला. शेवटी तोंड आणि शेपटी तेवढी जराशी तांबूस, बाकी सगळा तव्याच्या बुडासारखा काळा. वरच्या मजल्यावरची पोरगी एकदा म्हणाली, "आजी, हा तर ब्लॅक आहे!" तिच्या आईने तिला असा चिमटा काढला की पोरीने भोकाड पसरलं. मावशी म्हणाली, "काय गो, डोळं फुटलं का तुझं? लाल दिसत नाय?"

डोळे तिचेच गेले होते. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकलेला. तिला सगळं जग चहाच्या पाण्यातून बघावं तसं दिसत होतं: भिंती, भात, नवरा, मासा. रोजच्या रोज थोडं थोडं काळवंडत गेलेलं कुणाला कळतं? तिला तांबड्या तांबडाच माहीत होता, म्हणून तांबडाच दिसत होता.

करुणाने एक दिवस तिला ओढूनच पालघरला नेलं आणि दोन्ही डोळे करून घेतले. मावशी सव्वा महिना तिकडे. जाताना काकांना टाकीपाशी उभं करून, मुंजीतल्या बटूला शिकवावं तसं सगळं शिकवून गेली.

परत आली त्या दुपारी मी दार उघडून उभीच होते. लिफ्टमधून उतरली. काळा चष्मा. मला बघून म्हणाली, "अगो, तुजे केस पांढरे झाले!" घरात शिरली, काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. केवढे म्हातारे दिसले असतील ते तिला. मग चष्मा वर करून टाकीपाशी गेली.

"ह्यो कोन?"

काका म्हणाले, "कोन म्हंजे? तांबड्या."

"माझा तांबड्या कुठं हाय?"

बाई गं, ती दुपार. काका समजावतायत, मी समजावतेय, करुणा ओरडतेय, आणि ती एकच धरून बसली. मी नव्हते, तो मेला, आणि मला भिऊन यांनी दुसरा आणून सोडला. "तांबडा होता तो! तांबडा! कुठं टाकलात त्याला? गटारात टाकलात? निदान समुद्रात तरी सोडायचा व्हता, भेटला असता त्याला!" आम्ही फिशटँकच्या दुकानदाराला फोन लावून दिला. तो बिचारा सांगतोय, की मावशी, या जातीचा मासा म्हातारा होतो तसा काळा पडतो, रोग नाही, वय आहे. मावशी फोनमध्ये म्हणाली, "तुझ्याच दुकानातला हाय ना ह्यो?" आणि फोन आदळला.

काका टाकीसमोर उभे राहिले. "हरेशची शपथ घेऊन सांगतो, नाय बदलला."

मावशीने त्यांच्याकडे त्या नव्या, धुतलेल्या डोळ्यांनी बघितलं. "मेल्याची शपथ घेता का जित्याची?"

काका टाकीसमोरून बाजूला झाले.

कपाटातली ओढणी बाहेर आली आणि टाकीवर पडली. मावशी त्या बाजूला फिरकेना. काका चोरून ओढणीखाली हात घालून माशाला दाणे टाकायचे. करुणाने बजावलंच होतं, डोळे कच्चे आहेत, टाकीच्या पाण्यात बोट घालायचं नाही, तोच हात डोळ्याला लागतो. ती सूचना आपोआपच पाळली गेली. मावशी जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि म्हणायची, "मेला माझा पोऱ्या. मी जबान दिली व्हती." बारा वर्षं न रडलेली बाई रडायला लागली आणि ते रडणं आमच्या हॉलमध्ये ऐकू यायचं.

आणि मग काकांनी ते केलं. मला ते आजही चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही म्हणता येत नाही. त्यांनी तिच्या उशाशी बसून सांगितलं, "हो. मेला तो. मी बदलला."

मी जिन्यात त्यांना गाठलं. "काका, खोटं का बोललात?"

"ती अशी ना तशी मेलाच म्हनते," काका म्हणाले. "मग अग्नी तरी मिळू दे पोराला. मना सुटू दे. तिना पन सुटू दे." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

दिवस ठरला. समुद्रावर सुरूच्या झाडांपाशी विधी करायचा. त्या सकाळी काका भटजींबरोबर दर्भ आणायला गेले आणि मी मावशीसोबत बसायला गेले. ती न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसली होती. काळे तीळ ताटलीत काढत होती. शांत दिसत होती, आणि मला वाटलं, चला, काकांचं खरं ठरलं, सुटली बाई.

ताटली घेऊन ती टाकीजवळून गेली. ओढणीच्या कडेला काचेवर मिठाची पांढरी पापडी धरली होती. पाणी आटलं होतं. ती थांबली. इतक्या वर्षांची सवय. तिने काही ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ओढणी बाजूला सारली, बोट बुडवलं. पाणी चाखायला.

तो काळा मासा तळातून धावत आला आणि तिच्या बोटाला कडकडून चावला.

ती हलली नाही. त्याने परत चावा घेतला. परत. सव्वा महिना अधिक हे सगळे दिवस, एवढ्या काळाचा राग काढत होता. मावशीच्या हातातली ताटली कलंडली आणि तीळ घरभर पसरले.

"तूच रं?" ती म्हणाली. "तूच हायस?"

माझे तर डोळे वाहायला लागले. मी म्हटलं, "मावशी, तोच आहे! तुमचा तांबड्या आहे! काका खोटं बोलले हो, तुमच्यासाठी खोटं बोलले!" मला वाटलं आता ती हसेल. देवापुढे साखर ठेवेल. चिडेल तरी.

ती वळली. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, हरेशबद्दल कंपनीचा फोन आला त्या दिवशीही नाही.

"रोज डोल्यासमोर व्हता ह्यो माझ्या," ती म्हणाली. "रोज. तरी काला पडला म्हनून मी वलखला नाय गो. आनि पोऱ्याला तर बारा वर्षं बघितला पन नाय."

"मावशी..."

"तो पन काला पडला असंल उन्हात. दाढी आली असंल. अंगानं सुटला असंल." तिचा आवाज चढत गेला. "तो येऊन गेला असंल गो! याच दारात उभा राहिला असंल आनि मी म्हटलं असंल, ठेव रं बाबा पारसल तिकडं नि जा! अगो, मीच घालवला असंल त्याला! मीच!"

ती दाराकडे धावली. चपला न घालता जिना उतरली. मी मागे. खाली गेटाशी काका रिक्षातून उतरत होते, काखेत दर्भाची पेंडी. मावशी त्यांच्या बाजूने निघून गेली आणि रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांच्या तोंडाकडे बघायला लागली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बोटाला चावला. ते वॉचमनच्या खुर्चीवर बसले, पेंडी मांडीवर घेऊन.

विधी झाला नाही. काका पुढच्या पावसाळ्याच्या आत गेले. अग्नी पुतण्याने दिला. प्रेत उचलताना बायका मावशीला धरून होत्या आणि ती नवऱ्याकडे बघतच नव्हती. खांदा द्यायला आलेल्या एकेका माणसाचं तोंड बघत होती.

त्यानंतर तिच्या दारात कुणी आलं, की सुटका नसे. गॅसवाला, लाइटबिलवाला, पार्सलवाला, निवडणुकीचे कार्यकर्ते. तिशी-पस्तिशीचा पुरुष दिसला की, "बाला, जरा उजेडात ये." हनुवटी धरायची, चेहरा खिडकीकडे वळवायचा, बघायचं. मग "नाय" म्हणून पेलाभर पाणी द्यायची. काही हसायचे, काही चिडायचे. एक परप्रांतीय रंगारी मात्र तिच्या पाया पडून, डोळे पुसत गेला. टाकी स्वच्छ असायची, मासा टुणटुणीत असायचा. "ह्यो बग," ती मला म्हणायची, "असा काला. असाच झाला असंल."

शेवटी करुणा न्यायला आली. टेम्पो खाली उभा. टाकी रिकामी करून चादरीत गुंडाळली होती, तांबड्या झाकणाच्या बादलीत. टाकी उचलायला आलेला हमाल काळासावळा, दाढी वाढलेला, घामाने निथळत होता. मावशीने त्याला टाकी खाली ठेवायला लावली आणि लिफ्टसमोरच्या जाळीपाशी नेलं. हनुवटी धरली. तो बिचारा अवघडून उभा राहिला. करुणा म्हणाली, "आई, पुरे गो आता." मावशीने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, कान बघितला, परत चेहरा बघितला. मीही श्वास धरून उभी होते. काय वेडेपणा! पण धरला होता.

"नाय. तू नाय," ती म्हणाली आणि त्याच्या गालावर थोपटलं. "जा बाला. तुजी आय कुठं असंल तिला फोन कर."

रिक्षात ती बादली मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, मावशी, येईन हं मी पालघरला. तिने मान हलवली. रिक्षा सुटली तेव्हा तिचा एक हात झाकणाखाली पाण्यात होता, तांबड्या चावत असणार. आणि ती बाहेर बघत होती, आधी या बाजूला, मग त्या बाजूला. पानवाल्याकडे, बसस्टॉपवरच्यांकडे, सायकलवरच्या एकाकडे. कुणी सुटू नये म्हणून.